मित्र स्वतःला इजा करून घेतोय आणि त्यानं शपथ घातलीय, आता काय करू?

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारा मुलगा कडेगाव तालुक्यातला, साताऱ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, शाळेपासूनच्या मित्रासोबत खोली घेऊन राहतो. महिन्यापूर्वी मित्र अंघोळ करून बाहेर आला तेव्हा दंडावर जखमा दिसल्या, विचारलं तर म्हणाला मांजरानं ओरबाडलं. रात्री लाईट बंद केल्यावर खरं सांगितलं, की मीच करतो, दोन वर्षं झाली, आणि "कुणाला सांगितलंस तर माझ्या आईची शपथ आहे तुला". यानं घाबरून रागावून वचन घेतलं की परत करणार नाहीस. आठ दिवसांनी परत नवीन जखम. आता हा रात्रभर जागा असतो, मित्र कुशीवर वळला तरी उठून बसतो. विचारतोय, शपथ पाळू का मोडू, त्याला थांबवू कसं, आणि उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट का घालतो म्हणून बाकीची पोरं चिडवतात तेव्हा काय बोलू.

मी सांगलीत विश्रामबागला बसते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आठवड्यातनं एक दिवस साताऱ्याला येते, असं करत एकोणीस वर्षं झाली. खाली जी उदाहरणं आहेत त्यात दोन-तीन जणांचं मिसळलंय आणि तपशील बदललेत, त्यामुळं कुणी ओळखायच्या भानगडीत पडू नका.

तर भावा, ते वचन घेतलंस ना, ते आधी त्याला परत देऊन टाक.

तू म्हणशील ही बाई उलटंच सांगायला लागली. ऐक पण. वचनानं थांबणारं असतं तर माझ्याकडं कुणी आलंच नसतं, वचन घ्यायला प्रत्येक घरात कुणीतरी असतंच. वचन घेतल्यावर होतं काय, आधी त्याला जगापासून लपवायचं होतं, आता तुझ्यापासूनही लपवायचं, आणि वर शब्द मोडल्याची लाज वेगळी. आणि ही लाज साधी नसते, बऱ्याचदा तिच्यामुळंच पुढची वेळ येते. म्हणजे तू दार लावलंस असं तुला वाटलं पण कडी आतनं पडली. म्हणून त्याला सांग, साध्या शब्दात, "मी घाबरून तुझ्याकडनं शब्द घेतला, ते चुकलं माझं. तो शब्द सोड. त्याच्या बदल्यात एवढंच कर, पुढच्या वेळी तसं वाटायला लागलं किंवा होऊन गेलं तरी मला सांग, मी ओरडणार नाही." बास. आणि मग खरंच ओरडायचं नाही, हे अवघड आहे, पण प्रयत्न कर.

आता हे आहे काय ते समजून घे, कारण आपल्याकडं लोकांच्या डोक्यात दोनच कप्पे असतात. एक, नाटक करतोय, लक्ष वेधून घेतोय. दुसरा, जीव द्यायला निघालाय. बहुतेकदा दोन्ही नसतं. एप्रिलच्या उन्हात जो पोरगा फुल बाह्या खाली ओढत बसतो तो कुणाचं लक्ष वेधतोय सांग बरं? तो तर लपवतोय. आणि समजा एखाद्याला खरंच लक्ष हवं असेल, तर भुकेल्यानं भाकरी मागितली म्हणून कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही.

होतं असं की आतमध्ये भावना एवढी चढते, राग म्हण, लाज म्हण, अपमान म्हण, की ती सहन करायचं दुसरं साधन त्या क्षणी सापडत नाही. शरीराला दुखलं की मेंदूचं लक्ष तिकडं जातं, शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं, एंडॉर्फिन वगैरे, आणि दुखणं कमी व्हायला लागलं की त्याबरोबर मनातला गोंगाटही थोडा उतरतो. काहींचं उलटं असतं, त्यांना काहीच वाटत नसतं, सगळं बधिर, आणि दुखलं की निदान आपण आहोत एवढं कळतं. काहीजण स्वतःला शिक्षा देत असतात, मार्क कमी पडले, बापाचं कर्ज वाढलं, माझ्यामुळं झालं. आटपाडीकडचा एक पोरगा मला म्हणाला होता, "मॅडम, ठिबकची नळी तुंबली आणि मोटर चालूच राहिली की कुठलातरी जोड सुटतोच की, तसं हाय." त्या वाक्यानंतर मी त्याला समजावून सांगायचं सोडून दिलं, त्यालाच जास्त समजलं होतं. पण तो आराम टिकतो काही मिनिटं, फारतर तासभर, मग परत लाज, लपवालपवी, आणि जोड तिथंच परत सुटतो. म्हणून "बंद कर" म्हणून उपयोग नाही, मोटर चालू आहे तोवर पाणी कुठनंतरी येणारच. तुंबलंय कुठं ते बघावं लागतं, आणि ते काम तुझं नाही, आमच्यासारख्यांचं आहे. तुझं काम वेगळं आहे, त्यावर येतेच.

आणि हे फक्त पोरींचं असतं हा गैरसमज डोक्यातनं काढ. पोरांचं दिसत नाही एवढंच, कारण पोरगा हात मोडून आला की "भांडण केलं असंल" म्हणतात, जखम दिसली की "गाडीवरनं पडला", आणि तोही हसून व्हय म्हणतो. आमच्या भागात तर अजून एक भानगड, निम्मी पोरं भरतीच्या तयारीत, पहाटे ग्राउंडला पळायला जातात, आणि मनात भीती की मेडिकलला हे दिसलं तर. त्यामुळं डॉक्टरकडं जायचं नाव काढत नाहीत. लपवून ते व्रण काही कमी होत नाहीत, वाढतातच, पण हे त्याला ओरडून पटणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी म्हटलं बहुतेकदा जीव द्यायचा हेतू नसतो, पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नव्हे. जो माणूस स्वतःला इजा करून घेतो त्याला पुढं आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे जगभर वारंवार दिसलंय. शिवाय एकाच माणसाच्या मनात सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरंच असू शकतं. त्यामुळं विचारायला लागतं, आणि सरळ विचारायला लागतं.

इथं आपली भाषा आडवी येते. आपण काय विचारतो? "काय बरंवाईट तर करणार नाहीस ना?" आता ह्या "नाहीस ना" मध्येच उत्तर दिलंय आपण, समोरच्याला फक्त "छे छे" म्हणायचं बाकी. किंवा "तसले विचार नाहीत ना डोक्यात?" तसले म्हणजे कसले? मी ट्रेनिंगला आलेल्या पोरा-पोरींना पहिल्यांदा हेच वाक्य मोठ्यानं म्हणायला लावते आणि निम्म्यांचा आवाज बसतो. असं विचार, "कधी कधी जीव द्यायचा विचार येतो का?" हो म्हणाला तर, "कसं करायचं, कधी, हे काही ठरवलंयस का?" एवढंच. विचारल्यामुळं डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती सगळ्यांना असते, तुलाही असेल, पण तसं होत नाही, उलट विचारल्यावर लोक श्वास सोडतात, की चला, कुणीतरी नाव तर घेतलं. माझ्यासमोर कितीतरी जणांनी खांदे खाली सोडलेत ह्या प्रश्नानंतर.

आणि ऐकायलाही शिक, कारण आपला माणूस "मला मरायचंय" असं म्हणतच नाही सहसा. तो म्हणतो "कंटाळा आला राव सगळ्याचा", "एकदा सुटलो म्हणजे झालं", "माझ्यामुळं घरच्यांना नुसता ताप आहे", "मी नसलो तर काय फरक पडतोय". ह्यातलं प्रत्येक वाक्य आपण दिवसातनं दहादा ऐकतो म्हणून कान मेलेत. प्रत्येक वेळी घाबरायचं नाही, पण तुझ्या मित्राच्या तोंडून आलं तर तिथंच थांबून विचारायचं, "सुटलो म्हणजे काय रे, नीट सांग."

कुठं बोलायचं? खोलीत समोरासमोर बसवून बोलू नको, ती पोलिस चौकशी वाटते. पोरं शेजारी शेजारी बसल्यावर बोलतात, किंवा चालताना. चार भिंतींवर जा संध्याकाळी, सगळं सातारा खाली दिसतं, दोघांच्या नजरा समोर, हातात भडंगाची पुडी, असं काहीतरी हाताला चाळा पाहिजे. माझ्याकडं आलेल्या एका पोरानं त्याच्या मित्राशी झालेलं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं होतं, मला ते इतकं आवडलं की मी अजून इतरांना सांगते. मित्र म्हणाला, "मला माहितीय हातावर काय आहे." हा गप्प. मित्रही गप्प, पाच मिनिटं भडंगातले शेंगदाणे वेचून खात बसला. मग म्हणाला, "लय दुखतंय का?" हा म्हणाला, "हातावर नाही." आणि मग तासभर बोलला. बघ, मित्रानं का विचारलं नाही, कशानं केलंस विचारलं नाही, दाखव म्हणाला नाही. आणि मुख्य म्हणजे ती पाच मिनिटं भरायला गेला नाही. मी एवढी शिकले-बिकले पण ती पाच मिनिटं मलाही सुरुवातीला जमायची नाहीत.

"आईबापानं एवढं कष्ट करून शिकवलं आणि तू" हे वाक्य जिभेवर येईल, गिळून टाक. "माझ्यापेक्षा तुझं बरंय" हे पण नको. "असं केलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी" हे तर अजिबात नको, कारण त्याच्याकडं उरलेला एक माणूस तू आहेस आणि तू त्यालाच पणाला लावतोयस.

रात्रीचं सांगते आता, कारण तुझी खरी अडचण ती आहे. तीव्र इच्छा होते ती लाटेसारखी असते, चढते, टोकाला जाते, आणि उतरते, बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत. त्याला वाटतं ती उतरणारच नाही, आपण काही केलं तरच उतरेल. खरं तर तेवढा वेळ कुणाच्या सोबतीनं निघाला तरी उतरते. म्हणून त्यानं सांगितलं की "होतंय", तर भाषण नको, त्याला घेऊन बाहेर पड, पोवई नाक्यापर्यंत चालत जा आणि परत या. घरात असाल तर गार पाण्यानं तोंड धुवायला सांग, नुसते सपकारे नको, गार पाण्याचा टॉवेल डोळ्यांवर आणि गालांवर थोडा वेळ दाबून धरायचा, त्यानं हृदयाची गती थोडी उतरते आणि अंगातली घालमेल कमी होते. हृदयाचा आजार असेल तर मात्र हे नको. दोरीवरच्या उड्या, जोर, जे जमेल ते. नेटवर काही उपाय फिरतात ज्यात थोडंसंच दुखवून घ्यायचं असतं, खऱ्याच्या बदल्यात म्हणून, ते मी सांगत नाही, त्यात शरीर शेवटी तेच शिकतं की बरं वाटायला दुखायला लागतं.

ज्या वस्तू जवळ असल्यामुळं त्याला सोपं जातं त्या त्याला विचारून खोलीतनं बाहेर काढा. विचारून हां. तू त्याची बॅग चोरून तपासायला लागलास की झालं, तो चोर आणि तू पोलिस. "हे तुझ्याकडं ठेवू का माझ्याकडं, का मालकिणीकडं खाली देऊ?" असं. हातापासून लांब असलं की लाट उतरायला वेळ मिळतो, एवढंच साधं गणित आहे त्यामागं, आणि हे साधं गणित बऱ्याच महागड्या गोष्टींपेक्षा जास्त जीव वाचवतं. गावाकडं सुट्टीला जाणार असेल तर घरात फवारणीची औषधं आणि आजीआजोबांच्या गोळ्या कुलपात ठेवायला सांगायचं, किल्ली मोठ्या माणसाकडं. आमच्याकडं द्राक्षबागेच्या घरात औषधांचे डबे व्हरांड्यात पडलेले असतात, ते कुणाहीसाठी बरं नाही, लहान पोरं असतात घरात.

जखमेचं पटकन सांगते. स्वच्छ पाण्यानं धुणं, स्वच्छ कापडानं दाबून धरणं, हळद-कॉफी काही भरू नका. खोल असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल, दुसऱ्या दिवशी सूज किंवा पू दिसला तर डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघायचं. त्यानं काही गिळलंय असं कळलं तर तो "मी बरा आहे" म्हणत असला तरी थांबायचं नाही, १०८ ला फोन कर किंवा रिक्षात घाल आणि सिव्हिल गाठ, काही विषारी गोष्टींचा परिणाम उशिरा दिसतो. डॉक्टरांना खरं सांगायचं, लाजायचं नाही. कधी कधी ड्रेसिंग करताना कुणीतरी टोमणा मारतं, "कशाला करता असले उद्योग", असं होतं, व्हायला नको पण होतं, तेव्हा तू शेजारी उभा राहा आणि म्हण, "सर, तो उपचारालाच आलाय." २०२२ साली ब्रिटनच्या नाईस ह्या संस्थेनं स्वतःला इजा करणाऱ्यांच्या उपचाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्पष्ट लिहिलंय की शिक्षा दिल्यासारखं वागू नका. आणि धोका किती आहे ते मोजायला नुसत्या स्कोअरच्या फॉर्मवर विसंबू नका असंही त्यात आहे, माणसाशी बोला म्हणतात, जे आपल्या आज्जीला पण माहिती होतं.

आता शपथ.

आपल्याकडं आईची शपथ ही साधी गोष्ट नाही, मला कळतं, तुझ्या पोटात गोळा आलाय तो त्यामुळं. मी तुला म्हणणार नाही की शपथबिपथ काही नसतं. मी म्हणते की त्यानं शपथ घातली ती उघडं पडायच्या भीतीनं, एकटं राहायच्या हौसेनं नव्हे. एकटंच राहायचं असतं तर तुला तरी कशाला सांगितलं असतं? आणि बघ, शपथ घालताना सुद्धा नाव आईचंच आलं तोंडावर.

त्याच्यामागं जाऊन सांगू नको, त्याला सांगून सांग. "तू मला शपथ घातलीस, मी महिनाभर पाळली. आता मला एकट्याला झेपत नाही. आपण तिसरं माणूस घ्यायचं, कोण ते तू ठरव." इथं जोर "कोण ते तू ठरव" वर आहे. तो म्हणेल बाबांना नको. ठीक आहे, बाबा नको. मामा? थोरली बहीण? वहिनी? कॉलेजातले एखादे सर ज्यांच्याशी बोलता येतं? बहुतेक घरात एक माणूस असं असतंच जे ऐकल्यावर आधी चहा टाकतं आणि मग बोलतं. ते माणूस शोधा. तो अजिबातच तयार नसेल तर दिवस ठरव, "रविवारपर्यंत विचार कर, नाहीतर सोमवारी मी तुझ्यासमोर बसून तुझ्या ताईला फोन लावणार." आणि लाव मग.

पण हे वाट बघणं फक्त तेव्हा, जेव्हा जीवाला लगेच धोका नाही. जीव द्यायचा विचार येतो आणि कसं-कधी ठरलंय असं कळलं, किंवा निरोप घेतल्यासारखे मेसेज पाठवायला लागला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, दारू सुरू झाली आणि त्यात हे, किंवा खूप दिवस तडफडत होता आणि अचानक एकदम शांत शांत झाला, तर शपथ, रविवार, सोमवार सगळं बाजूला. त्याला एकटं सोडायचं नाही, आणि घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच तासाला कळवायचं, तो नको म्हणाला तरी, त्यानं वर्षभर तोंड बघितलं नाही तरी चालेल. चिडलेला मित्र परत मिळवता येतो.

इथं माझीच एक चूक सांगते. नवीन होते मी, दुसरं-तिसरं वर्ष. एक पोरगा आला, बारावीचा, जखमा होत्या पण तातडीचा धोका नव्हता. मी घाबरले, आणि तो खोलीबाहेर गेल्या गेल्या त्याच्या वडिलांना फोन लावला, त्याला न विचारता. अठरा पूर्ण नव्हता, घरच्यांना सांगणं भागच होतं, चूक ती नव्हती. चूक अशी की त्याला तयार केलं नाही आणि वडिलांनाही तयार केलं नाही. त्या माणसानं घरी जाऊन पोराला चार माणसात शर्ट काढायला लावला. तो पोरगा परत माझ्याकडं कधी आला नाही. पुढं दुसऱ्या डॉक्टरांकडं गेला, बरा आहे असं कळलं, पण मला तो फोन अजून आठवतो. तेव्हापासून मी घरच्यांना सांगते ते पोरासमोर, पोराच्या शब्दात, आणि पहिलं वाक्य हेच की आज घरी गेल्यावर ह्याबद्दल काही विचारायचं नाही, फक्त एकत्र जेवायचं.

घरचे कळल्यावर काय करतील हे मला माहिती आहे. आई रडेल, बाप आधी चिडेल मग गप्प बसेल, आज्जी अंगारा लावेल आणि म्हणेल बाहेरचं आहे काहीतरी, पालीच्या खंडोबाला नेऊन आणू. त्याला विरोध करत बसू नका. जाऊन या की खंडोबाला, भंडारा लावून या, आणि येताना त्याच दिवशी डॉक्टरांकडं पण जाऊन या. मारहाण करणाऱ्या भगताकडं मात्र नाही, तिथं ठाम उभं राहायचं.

डॉक्टर म्हणजे कोण? साताऱ्यात सिव्हिलला, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, मानसिक आरोग्याची ओपीडी कधी असते ते केसपेपरच्या खिडकीवर विचारा, सांगली-मिरजेलाही सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तालुक्याला पण येतात. खर्चाचं टेन्शन असेल तर तिथंच जा. सायकियाट्रिस्ट औषध देऊ शकतात, आमच्यासारखे बोलण्याचे उपचार करतात, कधी एक लागतं कधी दोन्ही. "वेड्यांचा डॉक्टर" हा शब्द तो वापरेलच, तर म्हण, आपण पहिल्यांदा फक्त भेटायला जातोय. पहिल्या भेटीला तू बरोबर जा, बाहेर बस. खोलीतनं कुठंच जायला तयार नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो बोलणार नसेल तर तू लाव, मित्रासाठीही लावता येतो फोन, आणि खरं सांगू, तुला स्वतःला पण गरज आहे.

उपचार होतात का, तर होतात. डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, नावाची बोलण्याच्या उपचाराची एक पद्धत आहे, त्यात हेच शिकवतात, भावनेची लाट आली की दुखवून न घेता ती कशी काढायची, आणि माणसांशी बोलायचं कसं. ती तयार केली मार्शा लिनहान ह्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टनं, आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच ह्यातनं गेल्या होत्या, हॉस्पिटलात होत्या. मी ही गोष्ट पेशंटला सांगते तेव्हा हमखास प्रश्न येतो, "मग त्यांच्या हातावर अजून व्रण असतील का?" असतील की. त्यांचं काम त्यानं अडलं नाही.

पोलिसांचं पण सांगून टाकते, कारण खेड्यात अजून भीती आहे की दवाखान्यात गेलं की केस होते. जीव द्यायचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा हा आत्महत्येचा प्रयत्न धरला जात नाही. आणि प्रयत्न असला तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला नको, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम, असं ठरलं. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा धरणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा गेलंच, आता सरकारी नोकरावर दबाव आणायला कुणी तसं केलं तर तेवढंच गुन्ह्यात येतं. दवाखान्यात जखम घेऊन गेल्यावर पोलिसांना नोंद कळवली जाऊ शकते, एखादा हवालदार येऊन चार प्रश्न विचारेल, तेवढ्यानं घाबरून परत फिरू नका. आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क त्याच कायद्यात आहे, कुणाच्या जीवाला धोका असेल तर अपवाद.

आता तू. तू महिनाभर नीट झोपला नाहीस, आणि तुझ्या प्रश्नात स्वतःबद्दल एकच ओळ आहे, ती पण "मला काही नाही, फक्त झोप येत नाही" अशी. भावा, हे "काही नाही" नव्हे. तू त्याच्या खाटेशेजारी पहारा देतोयस, आणि पहाऱ्यानं हे थांबत नाही. तू झोपलेला असताना त्यानं काही केलं तर ती तुझी चूक नसेल, हे वाक्य परत एकदा वाच. शनिवारी गावाला जायचं असेल तर जा, त्याला सांगून जा, तिसऱ्या माणसाला सांगून जा, फोन चालू ठेव पण दर तासाला "ठीक आहेस ना" नको, एकदा रात्री मॅचचा स्कोअर पाठव, त्यात सगळं येतं. आणि त्याच्याशी दुसरंही बोल, भांड, सबमिशन कॉपी कर, त्याची मस्करी कर पूर्वीसारखी. महिनाभर तू त्याच्याकडं काचेच्या भांड्यासारखं बघतोयस आणि त्याला ते कळतंय.

मध्ये परत एकदा होईल. उपचार सुरू झाल्यावरही, चांगले दोन महिने गेल्यावरही, निकालाच्या दिवशी नाहीतर घरी भांडण झालं म्हणून. तेव्हा "परत पहिले पाढे पंचावन्न" म्हणू नको. किती दिवस झाले तेही मोजत बसू नको, तो मोजत असेल तर मोजू दे. आधी जखमेचं बघ, मग विचार, "ह्या वेळी आधी काय झालं होतं?" आणि डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगायचं.

राहिला शर्टाचा प्रश्न. पोरं विचारतात त्याला, "काय रे, लग्नाला चाललायस का एवढ्या उन्हात?" तू त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, खोटं कारणही तयार करायचं नाही, ते लक्षात ठेवायला लागतं. विषय मोडायचा फक्त. "गरम होतंय ना सगळ्यांना, चला रसाच्या गाड्यावर, आज ह्याच्या खिशातनं." पोरं उठतात. आणि खोलीत परत आल्यावर तो बाह्या वर करेल किंवा नाही करणार, तू काही बोलू नको, टेबल फॅन जरा त्याच्या बाजूला फिरव.